दोघांची एक सायकल: टँडमच्या कामाच्या नोंदी

८ ऑक्टोबर

टँडम, म्हणजे दोघांनी पुढे-मागे बसून चालवायची सायकल, घरी आली. ओळखीतल्या एका निवृत्त जोडप्याकडे ती बरीच वर्षं जिन्याखाली उभी होती. त्यांच्या गुडघ्यांना आता ती झेपत नाही, आणि आम्ही कधीपासून अशाच सायकलच्या शोधात होतो.

कारण लिहून ठेवते. आम्ही दोघंही स्वस्थ न बसणारे. नवरा पळतो, मी पोहते, सुट्टीला मिळून डोंगर चढतो. सायकल तर दोघांचीही जीव की प्राण, पण नेमकं सायकलवरच आमचं जमत नाही, कारण त्याचा वेग माझ्यापेक्षा बराच जास्त आहे. चढावर तो पुढे जातो, वर थांबतो, दम घेतो. मी धापा टाकत पोचते तोवर तो ताजातवाना होऊन निघायच्या तयारीत. ज्याला विश्रांती नको त्याला ती मिळते आणि जिला हवी तिला मिळत नाही. त्याने मुद्दाम हळू चालवली तर त्याचे पाय मोकळे होत नाहीत आणि मला अवघडल्यासारखं होतं. टँडमवर दोघं एकाच क्षणी पोचतात. या खटाटोपाचं कारण एवढंच.

सध्याची स्थिती: पोलादी फ्रेम, वजन वीस किलोच्या आसपास. मागचं चाक ४० स्पोकचं, पुढचं ३६ चं. टायर चिरलेले, दोन्ही चेन गंजून कडक, मागची सीट जागची हलत नाही. फ्रेम मात्र सरळ आहे. मागच्या चाकाच्या एका खाचेपासून दोरी निघून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून बांधली. सीटच्या दोन्ही नळ्यांपासून दोरीचं अंतर डावी-उजवीकडे सारखं भरलं. फ्रेम वाकडी निघाली असती तर सायकल परत पाठवायची असं आधीच ठरलं होतं.

११ ऑक्टोबर

पेडल काढली. डावीकडच्या दोन्ही पेडलांना उलटे आटे असतात, साध्या सायकलसारखेच. पाय मारताना भार पेडलच्या दांड्याभोवती फिरत राहतो आणि दांडा आट्यांमध्ये किंचित किंचित सरकतो. डावीकडे सरळ आटे असते तर पेडल चालवता चालवताच सुटलं असतं.

टँडमच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून बघायची. डावीकडे पुढच्या आणि मागच्या क्रँकना (ज्यांच्या टोकाला पेडल बसतं त्या दांड्यांना) जोडणारी टाइमिंग चेन असते, त्यामुळे डाव्या क्रँकवरही दात्यांची चकती लागते. हा खास क्रँक सहज मिळत नाही म्हणून काही जण साध्या सायकलचा उजवा क्रँक फिरवून डावीकडे बसवतात. तसं केलं की आटे चुकीच्या दिशेचे होतात. आमचे चारही क्रँक मूळचे निघाले.

१७ ऑक्टोबर

मागच्या सीटचा दांडा अॅल्युमिनियमचा, नळी पोलादाची. दोन वेगळे धातू, मध्ये ओल आणि वर्षानुवर्षांचा मुक्काम, त्यामुळे अॅल्युमिनियम गंजून फुगलंय आणि दांडा नळीत रुतून बसलाय. नवऱ्याने हातोडी उचलली होती. मी म्हटलं, "तेल सोडू आणि आठवडाभर विसरून जाऊ." रोज संध्याकाळी थोडं तेल, थोडी ठोकाठोकी लाकडाच्या ठोकळ्यावरून. घाई केली तर दांडा तुटून आत राहील, मग फ्रेमच बाद.

२५ ऑक्टोबर

दांडा सुटला. त्याने फ्रेम धरली, मी सीट धरून डावी-उजवीकडे पिळत राहिले, आणि करकर वाजत एकदम फिरला. नळी आतून घासून साफ केली, नवा दांडा ग्रीस लावून बसवला. हे ग्रीस दरवर्षी नव्याने लावायचं, दोघांच्याही सीटला.

२ नोव्हेंबर

चाकं. या कामाची मी वाट बघत होते.

टँडमच्या चाकांवर दोन माणसांचा भार असतो, म्हणून स्पोक जास्त. मागच्या चाकाचा एक स्पोक तुटलेला होता, तोही हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळ, जिथे तो वाकून भोकात शिरतो तिथेच. स्पोक सहसा तिथेच जातात, आणि अति ताणापेक्षा ढिलेपणामुळे जास्त. चाक फिरताना जमिनीजवळ आलेल्या स्पोकचा ताण कमी होतो आणि वर गेला की पुन्हा वाढतो. ढिल्या चाकात काही स्पोक दर फेरीला पार सैल पडतात, धातू त्या वाकलेल्या जागी दमत जातो आणि एक दिवस तुटतो. म्हणून मजबूत चाक म्हणजे भरपूर आणि सारखा ताण असलेलं चाक.

नवा स्पोक टाकला आणि आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला बसले. सायकल उलटी करून ठेवली, रिमच्या दोन्ही बाजूंना काडी बांधली, चाक फिरवून रिम कुठे घासते ते पाहत गेले. रिम उजवीकडे गेली असेल तर त्या भागातले डावीकडचे निपल (स्पोक ताणणारे छोटे नट) अर्धा फेरा घट्ट, उजवीकडचे अर्धा फेरा सैल. अर्ध्याहून जास्त कधीच नाही. एका बाजूचे सगळे स्पोक बोटाने छेडत गेलं की तंबोऱ्याच्या तारांसारखे सुरात लागले पाहिजेत. जो खाली बोलतो तो सैल. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूचा सूर डाव्यापेक्षा वरचा असतो, कारण तिकडे गिअरची जागा सोडावी लागते, स्पोक उभे पडतात आणि त्यांना जास्त ताण द्यावा लागतो. नवरा शेजारी बसून नुसतं ऐकत होता. शेवटी शेवटी माझ्याआधी तोच सांगायला लागला, "हा उतरलाय."

हबच्या डाव्या बाजूला मोकळे आटे दिसले. ते ड्रम ब्रेकसाठी, म्हणजे रिमऐवजी हबवर बसणाऱ्या ब्रेकसाठी असतात. नोंद करून ठेवते, पुढे उपयोग होईल.

९ नोव्हेंबर

छर्रे बदलले, ग्रीस भरलं, नवे टायर चढवले, ३२ मिमी रुंदीचे. दोन्ही चेन नव्या. चेनच्या बारा पूर्ण कड्या, म्हणजे एक आत-एक बाहेर अशा जोड्या, नव्या असताना बरोबर १२ इंच भरतात, म्हणजे ३०४.८ मिमी. हेच माप दीड मिमीने वाढलं की चेन बदलायची, नाहीतर ती दाते खायला लागते. जुन्या चेनचं माप त्याच्या फार पुढे गेलं होतं.

१६ नोव्हेंबर

टाइमिंग चेन. गिअरची चेन मागच्या क्रँकपासून चाकाकडे जाते आणि तिचा ढिलेपणा डेरेलरची, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग खाते. टाइमिंग चेनला तशी स्प्रिंग नाही. तिचा ताण पुढच्या क्रँकचा एक्सल मागे-पुढे सरकवून ठरवावा लागतो. त्यासाठी पुढच्या नळीत एक गोल गट्टू असतो, ज्याचं एक्सलचं भोक मध्यभागी नसून एका बाजूला असतं. गट्टू फिरवला की एक्सल सरकतो. गट्टूला पकडून ठेवणारे बोल्ट सैल करायचे, गट्टू थोडा फिरवायचा, चेन दाबून पाहायची, बोल्ट आवळायचे.

दात्यांच्या चकत्या तंतोतंत गोल नसतात, त्यामुळे पेडल फिरवताना चेन एका जागी घट्ट तर एका जागी ढिली लागते. ताण सगळ्यात घट्ट जागेवर ठरवायचा. तिथे बोटाने वर-खाली सेंटीमीटरभर हलली की बास. फार घट्ट ठेवली तर बेअरिंग झिजतात, फार ढिली ठेवली तर खड्ड्यात चेन उतरते, आणि टाइमिंग चेन उतरली की पुढच्याचे पाय नुसते हवेत फिरतात.

२३ नोव्हेंबर

आजचा दिवस बराचसा वादात गेला, पण चांगल्या वादात.

टाइमिंग चेन चढवताना ठरवावं लागतं की दोघांचे क्रँक एकमेकांशी कोणत्या कोनात राहतील. दोन्ही चकत्यांचे दाते सारखेच असतात, आमच्या दोन्ही ४० दातांच्या. त्यामुळे एकदा ठरलेला कोन कायम राहतो. एक दाता सरकवला की ९ अंशांचा फरक, दहा दाते सरकवले की बरोबर काटकोन.

त्याचं म्हणणं काटकोनाचं. पेडल अगदी वर आणि अगदी खाली असताना पायाला जोर लावता येत नाही. दोघांचे क्रँक काटकोनात असले तर एकाचा पाय त्या मेल्या जागेतून जात असताना दुसऱ्याचा पाय भर जोरात असतो. ओढ एकसारखी राहते, चेनला आणि क्रँकला हिसके कमी बसतात. मुद्दा बिनतोड.

माझं म्हणणं एकसाथ. निघताना दोघांची पेडल एकाच जागी असली तर पहिल्या पावलाला दोघांचा जोर मिळतो, आणि वीस किलोच्या सायकलवर दोन माणसं हलवताना पहिलं पाऊलच सगळ्यात जड. वळणावर दोघांचीही आतली पेडल एकदम वर येतात, काटकोनात एकाचं वर असताना दुसऱ्याचं आडवं असतं. चढावर उभं राहायचं तर दोघांना एकाच ठेक्यात उभं राहता येतं. आणि मला समोरच्याच्या पाठीवरून कळतं की त्याचे पाय कुठे आहेत.

ठरलं ते असं: आधी एकसाथ, मग काही आठवडे काटकोन, मग निर्णय. चेन उतरवून पुन्हा चढवणं अर्ध्या तासाचं काम, तेव्हा शब्दांनी भांडण्यापेक्षा पायांनी ठरवू.

३० नोव्हेंबर

पुढे कोण बसणार? पुढचा तो कॅप्टन: हँडल, गिअर, दोन्ही ब्रेक त्याच्याकडे. मागचा स्टोकर: पाय, वजन आणि डोळे, म्हणजे नकाशा, हाताचे इशारे, मागून येणारी वाहनं. थांबताना सगळा तोल कॅप्टनला सांभाळावा लागतो. नवरा उंच आणि वजनाने जास्त, म्हणून तो पुढे. मागच्या हँडलची उंची माझ्या हिशेबाने लावली; ते पुढच्याच्या सीटच्या दांड्याला पकडलेलं असतं आणि वळत नाही.

मागे बसणं म्हणजे नुसतं सोबतीला बसणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. टँडमचा इतिहास काही वेगळं सांगतो. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये टँडमची २,००० मीटरची शर्यत होती आणि ती मोरिस शील व आंद्रे ओफ्रे या फ्रेंच जोडीने जिंकली. ऑलिम्पिकमध्ये टँडम शेवटची धावली ती १९७२ मध्ये म्युनिकला. पॅरालिम्पिकमध्ये ती आजही आहे. तिथे दृष्टिहीन किंवा अंशतः दृष्टी असलेला स्पर्धक मागे बसतो, डोळस पायलट पुढे, आणि पदक दोघांनाही मिळतं. मागे बसून समोरचं काहीही न दिसता पूर्ण जोर लावायचा, यासाठी किती सराव आणि किती विश्वास लागत असेल, हे मला आता पटतं.

७ डिसेंबर

पहिल्यांदा चालवली, मोकळ्या मैदानात.

निघायची रीत अशी. कॅप्टन पाय फाकवून उभा राहतो, दोन्ही ब्रेक आवळतो. मी मागे चढते, दोन्ही पाय पेडलवर ठेवते आणि सीटवर नीट बसते. मग पेडल मागे फिरवून त्याला हवं ते पेडल वर आणते. त्या वेळी त्याच्या पोटऱ्या पेडलच्या वाटेतून बाहेर हव्यात, म्हणून तर पाय फाकवायचे. तो म्हणतो, "तयार?" मी "हो" म्हटल्याशिवाय ब्रेक सुटत नाही. थांबताना तोच पाय टेकवतो, माझे पाय पेडलवरच राहतात.

सायकल लांब, त्यामुळे वळण मोठं घ्यावं लागतं. एक फायदा मात्र लगेच जाणवला: लांबी आणि मागचं वजन यामुळे पुढचा ब्रेक जोरात दाबला तरी मागचं चाक उचललं जात नाही.

पहिल्या काही फेऱ्या डुलत गेल्या. माझं अंग जरा हललं की त्याला हँडलवर कळायचं. मी वळणावर समोर बघायला डोकं बाहेर काढणं सोडलं, तेव्हा सायकल सरळ झाली.

२१ डिसेंबर

आता रस्त्यावर. आणि खरं काम इथे सुरू झालं: बोलायचं काम.

एकट्याच्या सायकलवर माणूस बोलत नाही. खड्डा दिसला की अंग उचलतो, दमला की पाय थांबवतो. टँडमवर त्याने पाय थांबवले की माझेही थांबतात, आणि न सांगता थांबवले तर गुडघ्याला हिसका बसतो. खड्डा त्याला दिसतो, मला नाही. न सांगितलेला खड्डा सरळ माझ्या पाठीच्या कण्यात येतो. म्हणून शब्द ठरवले, सगळे छोटे: "खड्डा", "सोड" म्हणजे पाय थांबव, "गिअर" म्हणजे क्षणभर जोर कमी कर, "उभं". माझ्या बाजूने "मागे गाडी" आणि "पाणी", म्हणजे मी बाटली काढतेय, थोडी हलेन.

ठेक्याचंही बोलावं लागलं. त्याचे पाय मिनिटाला सत्तरच्या आसपास फिरतात, मला नव्वद सोयीचे. टँडमवर दोघांचा ठेका एकच. ऐंशीच्या जवळ आलो की दोघांनाही चालतं. चढावर तो माझ्याकडे सरकतो, म्हणजे हलका गिअर.

घरीही याचा परिणाम दिसतोय. रात्री उशिरापर्यंत काम करायचं असेल तर तो आधी सांगतो, मीही सांगते. पूर्वी आम्ही अंदाजावर चालायचो.

११ जानेवारी

सपाटीवर टँडम म्हणजे पर्वणी. बऱ्यापैकी वेगात असताना सायकलला होणारा बहुतेक विरोध हवेचा असतो. टँडमवर हवेला सामोरं जाणारं अंग एका माणसापेक्षा थोडंच जास्त, कारण मी त्याच्या आडोशाला असते, पण पाय मात्र दोन जोड्या. चढावर हा फायदा संपतो, तिथे विरोध वजनाचा आणि वजन दोघांचं. पण वर पोचतो तेव्हा आम्ही दोघंही सारखेच दमलेले असतो. मला हेच हवं होतं.

सीटचा त्रास होतोय. एकट्या सायकलवर माणूस नकळत सारखा उठतो-बसतो, इथे दोघांनी मिळून उठावं लागतं, म्हणून उठणंच होत नाही. आता दर थोड्या वेळाने मी "उभं" म्हणते, गरज वाटो न वाटो. माझ्या सीटखाली स्प्रिंगचा दांडा घातला.

१ फेब्रुवारी

काटकोनाचे आठवडे झाले. सपाटीवर ओढ खरंच मऊ वाटली, त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण निघताना दर वेळी डगमग, आणि उभं राहताना दोघांची अंगं एकमेकांच्या विरुद्ध झुलतात. चेन पुन्हा एकसाथ चढवली. हे त्यानेच सुचवलं.

२२ फेब्रुवारी

उताराचा हिशेब. आम्ही दोघं आणि सायकल मिळून साधारण १५० किलो. शंभर मीटर उंची उतरलो की सुमारे १,४७,००० ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्यात लिटरभर पाणी ३५ अंशांनी तापतं. वेगाने गेलो तर बरीचशी हवा घेते. वेग धरून ठेवला तर जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये जाते, म्हणजे रिममध्ये. एकट्याच्या सायकललाही दोनच रिम असतात, पण भार जवळपास निम्मा. रिम फार तापली की ट्यूब फुटू शकते. आज लांब उतारावर मध्ये थांबून रिमजवळ हात नेला, लावायची हिंमत झाली नाही. पाच मिनिटं थांबलो, मग पुढे. यापुढे मोठ्या उतारावर थांबे ठरवूनच घ्यायचे, पण हा कायमचा उपाय नाही.

८ मार्च

काल एका जोडप्याबद्दल वाचत बसलो होतो: स्टीव्हन आणि लॉरा मॅसी-प्यू. २०२२ मध्ये त्यांनी टँडमवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, १८० दिवसांच्या आत. या विक्रमाच्या नियमानुसार १८,००० मैल, म्हणजे जवळपास २९,००० किलोमीटर, प्रत्यक्ष सायकलवर कापावे लागतात. मी मनात चेन किती बदलल्या असतील याचा हिशेब करत होते, तो म्हणाला, "रोज सकाळी उठून पुन्हा 'तयार?' विचारायचं, हेच मोठं." आमचा बेत साधा आहे: पुढच्या सुट्टीत सामान लादून काही दिवस, मुक्काम करत.

२२ मार्च

त्या प्रवासाआधीचं शेवटचं मोठं काम: तिसरा ब्रेक. मागच्या हबच्या त्या मोकळ्या आट्यांवर ड्रम ब्रेक बसवायचा. उतारावर तो सतत हलका लावून ठेवायचा, तापला तर ड्रम तापेल, रिम नाही. रिमचे ब्रेक फक्त थांबायला आणि वळणाआधी.

लिव्हर कुणाकडे यावर फार चर्चा झाली नाही. त्याच्या हातात आधीच दोन ब्रेक आणि गिअर आहेत, माझे हात मोकळे आहेत, आणि केबलही लहान लागते. लिव्हर माझ्या हँडलवर. यासाठी चार शब्द वाढवले: तो "लाव" म्हणेल, मी लावल्यावर "लावला" म्हणेन, "काढ", "काढला". उत्तर ऐकू आल्याशिवाय पुढचा उतार नाही. केबल माझ्या उजव्या हातापासून फ्रेमच्या खालच्या नळीवरून हबपर्यंत मोजली, हँडलजवळच्या वळणासाठी चार बोटं जास्त धरली आणि बाहेरचं आवरण तेवढंच कापून ठेवलं. शनिवारी बसवतोय.